पुस्तक निवडताना वय नको, वाचन बघा

मुलांच्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला 'वयोगट ६ ते ८' असं छापलेलं असतं आणि आपण तेवढंच बघून पुस्तक घेतो. तो आकडा विषयापुरता असतो. गोष्ट कुणाला रुचेल, विनोद कुणाला कळेल, राक्षसाची भीती कुणाला बसणार नाही, एवढंच तो सांगतो. आतलं पान त्या वयाच्या मुलाला स्वतः वाचता येईल का, याचा त्यात पत्ता नसतो. तिसरीच्या एकाच वर्गात 'पुस्तक' या शब्दाशी थांबणारं मूल असतं आणि 'किशोर'चा अंक एका बैठकीत संपवणारंही असतं. दोघंही आठ वर्षांचीच. म्हणून वय बघायचं ते विषय ठरवायला. पुस्तक मात्र मुलाचं वाचन ऐकूनच ठरवायचं. त्याला लागतात दहा मिनिटं, एक पेन्सिल, एखादा पाठकोरा कागद आणि मुलानं आधी कधीच न पाहिलेला मजकूर.

'न पाहिलेला' हे महत्त्वाचं. शाळेच्या पुस्तकातला धडा घेऊ नका. तो वर्गात इतक्या वेळा म्हणून झालेला असतो, की मूल डोळे मिटूनही 'वाचतं'. शंका आली तर ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, "हे काय आहे?" पाठ असलेलं मूल ओळीच्या सुरुवातीपासून पुटपुटत तिथवर येतं. वाचणारं मूल सरळ तो शब्द सांगतं.

आधी मूल कुठल्या पायरीवर आहे

'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून गावोगावी जाऊन मुलांचं वाचन तपासते. तिची रीत घरीही वापरण्याजोगी आहे. पायऱ्या चार: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद, आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. यातली युक्ती अशी की सुरुवात अक्षरांपासून करायची नाही, परिच्छेदापासून करायची. तो सहज वाचला तर गोष्ट द्या. परिच्छेदात अडखळलं तर पाच शब्द द्या, त्यातले चार तरी बरोबर यायला हवेत. तिथंही जमलं नाही तर पाच अक्षरं, पुन्हा चार बरोबर. जिथं मूल सुखानं थांबतं ती त्याची पायरी. मग ते चौथीत का असेना.

शाळेकडून काय अपेक्षा आहे हेही माहीत असलेलं बरं. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात दुसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० वाचावेत, असं लक्ष्य आहे. घड्याळ लावून मोजायला हरकत नाही, पण मुलाला घड्याळ दिसू देऊ नका. एकदा का मिनिटाची शर्यत लागली, की मूल विरामचिन्हं गिळतं, शब्दांची शेपटं सोडतं आणि शेवटी काय वाचलं ते त्यालाच सांगता येत नाही.

शंभर शब्द ऐकण्याची रीत

पुस्तक हातात आलं की पहिलं पान सोडा. पहिल्या पानावर सगळी नवी नावं असतात आणि चित्रही मोठं असतं, त्यामुळं तिथला अंदाज फसवा निघतो. मधलं पान उघडून शंभर शब्द मोजा आणि शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीची बारीक खूण करा. पुस्तकच पन्नास शब्दांचं असेल तर सगळं ऐका आणि चुका दुप्पट धरा.

मुलाच्या समोर नको, शेजारी बसा. सांगा, "मला हे वाचून दाखव. अडलं तर थांब, मी सांगेन." अडल्यावर मनात पाचपर्यंत मोजा आणि मगच शब्द सांगा. घाईनं सांगणारे पालक फार, आणि पाचपर्यंत थांबलं तर निम्मे शब्द मूल स्वतःच सोडवतं. कागदावर चुकीला एक उभी रेघ मारा, बास. प्रत्येक चुकीला "अं हं" केलंत तर तिसऱ्या ओळीपासून मूल तुमच्या चेहऱ्याकडं बघून वाचायला लागतं.

चूक कशाला म्हणायचं हे आधी ठरलेलं असावं. शब्द गाळला, भलताच वाचला, किंवा तुम्हाला सांगावा लागला, तर एक चूक. मुलानं चुकून लगेच स्वतः दुरुस्त केलं, तर चूक नाही. उलट ते चांगलं लक्षण आहे, कारण अर्थ लागत नाही हे त्याला स्वतःहून कळलं. 'कात्यायनी'सारखं अवघड नाव दहा वेळा आलं आणि दहाही वेळा चुकलं, तरी चूक एकच.

आणि घरची बोली ही चूक नव्हे. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत 'पाणी'चं 'पानी' होतं, 'नाही'चं 'न्हाई' होतं. समजा वाक्य आहे: 'शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीचा आवाज ऐकून म्हातारीनं दार उघडलं.' मुलानं वाचलं: 'शेतातल्या विहिरीवर मोटारीचा आवाज ऐकून म्हातारीनं दार उगडलं.' इथं किती चुका? एक. 'विहिरीवरच्या'तला 'च्या' गळला, म्हणजे शब्दाच्या शेवटापर्यंत नजर गेली नाही. 'उगडलं' ही चूक नाही. मुलानं शब्द वाचला, अर्थ लावला आणि आपल्या तोंडच्या भाषेत म्हटला. ती रेघ मारलीत तर चांगलं वाचणाऱ्या पोरालाही एक पायरी खाली बसवाल.

आता रेघा मोजा. पाचपर्यंत असतील तर हे पुस्तक मूल एकटं वाचू शकेल. सहा ते दहा असतील तर शेजारी कुणीतरी हवं. दहाच्या वर गेल्या तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं. हे आकडे असेच ठरलेले नाहीत. लहान मुलांच्या मराठी पुस्तकातलं वाक्य सहा ते दहा शब्दांचं असतं. शंभरात दहा शब्द निसटले म्हणजे जवळपास प्रत्येक वाक्याला एक भोक पडलं. अशी गोष्ट कुणालाच कळत नाही, मोठ्यांनाही नाही. अमेरिकेतले वाचनतज्ज्ञ एमेट बेट्स यांनी १९४६ साली याहून कडक माप लावलं होतं: एकट्यानं वाचायचं तर शंभरात ९९ शब्द बरोबर हवेत. शाळेत पुढं ते माप सैल झालं. पण रात्री झोपताना, कुणी शेजारी नसताना मूल जे पुस्तक हातात घेतं, त्यासाठी बेट्सच्या मापाच्या जवळपासच राहावं. तिथं दोन-तीन चुकांपलीकडचं पुस्तक मूल चाळतं आणि बाजूला ठेवतं.

बरोबर वाचलं म्हणजे कळलं असं नाही

इंग्रजी वाचनासाठी पाच बोटांची युक्ती सांगतात: एक पान वाचायला द्यायचं, वाचता न आलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाचही मिटली तर पुस्तक परत ठेवायचं. मराठीला ती जशीच्या तशी चालत नाही. आपली लिपी उच्चाराप्रमाणं लिहिली जाते, म्हणून बाराखडी पक्की झालेलं मूल 'अनर्थ', 'विलक्षण', 'तटबंदी' हे शब्द खडाखडा वाचतं आणि अर्थ एकाचाही माहीत नसतो. एकही बोट मिटत नाही आणि गोष्ट डोक्यावरून जाते. म्हणून बोट दोन्हीसाठी मिटवा: वाचता आला नाही तरी, आणि अर्थ माहीत नसला तरी. एकापर्यंत बोट मिटलं तर पुस्तक हलकं, दोन-तीन मिटली तर बरोबर, चार मिटली तर सोबत हवी, पाच मिटली तर आत्ता नको. हे साठ-सत्तर शब्दांच्या पानासाठी. पानावर वीस-पंचवीसच शब्द असतील तर तीन बोटांतच थांबा.

त्यानंतर पुस्तक मिटून विचारा, "काय झालं गोष्टीत?" मुलानं स्वतःच्या शब्दांत दोन-तीन घटना क्रमानं सांगितल्या तर काम झालं. मग एक 'का'चा प्रश्न: म्हातारीनं दार का उघडलं? आणि एक 'पुढं काय होईल'चा. शब्द ९८ बरोबर आणि 'का'ला उत्तर नाही, असं झालं तर पुस्तक बदलताना जोडाक्षरं बघू नका, विषय बघा. मुलाच्या ओळखीचा विषय घ्या.

ओळखीच्या विषयाचा फरक फार मोठा पडतो. तासगावच्या द्राक्षबागेत वाढलेलं मूल 'छाटणी', 'फवारणी', 'बेदाणा' हे शब्द बघताक्षणी ओळखतं आणि 'गलबत' किंवा 'भरती-ओहोटी'वर अडतं. कोकणातल्या मुलाचं नेमकं उलटं. म्हणजे एकाच पातळीची दोन पुस्तकं एका मुलाला एकसारखी सोपी नसतात. ट्रॅक्टर, कुस्ती, बैल, क्रिकेट, साप, गडकिल्ले, जे काही मुलाच्या डोक्यात चोवीस तास घोळतं, त्या विषयावर ते एक पायरी वरचंही पुस्तक रेटून वाचतं. त्याला अडवू नका.

पान बघून अवघडपणा कसा ओळखायचा

दुकानात किंवा वाचनालयात प्रत्येक वेळी शंभर शब्द ऐकता येत नाहीत. तिथं नजर चालवावी लागते. जाडी बघणं व्यर्थ. बत्तीस पानांचं चित्रपुस्तक शंभर पानांच्या गोष्टींपेक्षा अवघड असू शकतं. मराठी पान अवघड करतात त्या गोष्टी वेगळ्या.

सगळ्यात आधी जोडाक्षरं. 'च्या', 'त्या', 'ल्या', 'म्ह' ही प्रत्येक वाक्यात येतात आणि मुलं ती लवकर अख्खीच ओळखायला शिकतात, ती मोजू नका. बाकीची मोजा. नुकतीच बाराखडी संपवलेल्या मुलासाठी पन्नास शब्दांत अशी दोन-तीनच असावीत. दहाच्या पुढं गेली तर ते पुस्तक वर्षभरानं. त्यातही 'र' सगळ्यात त्रास देतो, कारण तो चार रूपांत येतो: चक्र, ट्रक, सूर्य आणि दऱ्या. रफार तर उच्चारात आधी आणि कागदावर नंतर येतो. 'गर्दी'त तो वेलांटीच्याही पुढं, अगदी टोकाला बसतो, म्हणून मूल आधी 'गदी' वाचतं आणि मग ती खूण कुठं लावायची हे शोधत बसतं. मूल रफारापाशी हमखास थांबत असेल तर ते दोन आठवडे वेगळं करून घ्या: गर्दी, वर्ग, सूर्य, पर्वत, दर्या. तोवर रफार कमी असलेली पुस्तकं द्या.

दुसरी गोष्ट छपाईची, आणि ती पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. बालभारतीच्या पुस्तकात 'विद्‌यार्थी' असा पाय मोडलेला 'द' छापतात. गोष्टीच्या पुस्तकात तोच शब्द 'विद्यार्थी' असा, 'द'ला 'य' चिकटवून येतो. मुलानं ते रूप कधी पाहिलेलंच नसतं. 'द्ध', 'द्व', 'ह्म', 'ट्ट' यांचंही तेच. म्हणजे 'वाचता येत नाही' असं जे वाटतं, ते कित्येकदा 'हा आकार ओळखीचा नाही' एवढंच असतं. एका कागदावर दोन्ही रूपं शेजारी लिहून दाखवलीत की पाच मिनिटांत प्रश्न मिटतो. तसंच काही पुस्तकांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात. पहिली-दुसरीच्या मुलासाठी अशी पुस्तकं टाळलेली बरी. चौथीच्या मुलाला फरक पडत नाही.

तिसरं, शेपटं लागलेले शब्द. 'घर' सोपं, 'घरात' सोपं, 'घरासमोरच्या' जरा जड, 'घरासमोरच्यांनासुद्धा' म्हणजे दम लागतो. मराठीत एका शब्दात चार-चार गोष्टी जोडता येतात, म्हणून नुसती शब्दसंख्या मोजून पातळी ठरत नाही. पानावर नजर टाका. पाच-सहा अक्षरांहून लांब शब्द प्रत्येक ओळीत दिसत असतील, तर ते पुस्तक दुसरीच्या मुलाला एकट्यानं झेपणार नाही. ओळीच्या शेवटी शब्द तोडून खाली नेलेले असतील तर आणखी एक अडथळा. नवशिक्यासाठी शब्द न तोडलेली पुस्तकंच घ्या.

अक्षराचा आकार आणि ओळींमधली जागाही बघा. चित्रपुस्तकात १८ ते २४ पॉइंटचा टाइप असावा. मात्रा, अनुस्वार, रफार सगळे शिरोरेषेच्या वर येतात आणि उकार खाली. ओळी दाट असल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो आणि मूल ओळ चुकतं. हे झालं की आपण म्हणतो, "लक्षच नाही!"

वाचनालयातल्या जुन्या प्रतींबद्दल सावध राहा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची, किंवा त्यावरून तशीच पुन्हा छापलेली पुस्तकं अजून कपाटांत असतात. त्यांत 'कांहीं', 'नाहीं', 'केलें', 'घरांत' असे अनुस्वार असतात. गोष्ट कितीही गोड असो, चौथीपर्यंतच्या मुलाला ती तुम्ही वाचून दाखवा. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात घरांतली, वाचनालयांतली पुस्तकं भिजली. डाग पडलेलं, शाई फुटलेलं पुस्तक मोठा माणूस अंदाजानं वाचतो. नवशिक्या मुलाला मात्र अनुस्वार कुठला आणि बुरशीचा ठिपका कुठला हे कळत नाही. त्याला स्वच्छ प्रत द्या.

कुठल्या पायरीला काय

अक्षरं ओळखणाऱ्या मुलाला बिनशब्दांची चित्रपुस्तकं आणि पानाला दोन-चार शब्द असलेली पुस्तकं द्यावीत. एकच वाक्य थोड्या फरकानं पुन्हा पुन्हा येणारं पुस्तक इथं सगळ्यात उपयोगी. 'माऊ कुठं? पलंगाखाली. माऊ कुठं? पोत्यामागं.' तिसऱ्या पानापासून मूल अर्धं वाक्य स्वतः म्हणतं, आणि ते फसवणं नव्हे, वाचन असंच सुरू होतं.

शब्द वाचणाऱ्या मुलाला पानाला एक-दोन ओळी, वाक्यात चार-पाच शब्द: 'आई भाकरी करते. ताई पाणी भरते.' परिच्छेद वाचणाऱ्याला पानाला तीन ते सहा ओळी आणि चित्रातून अर्थाला आधार. गोष्ट वाचायला लागलेल्या मुलाला एकेका बैठकीत संपणाऱ्या गोष्टींचे संग्रह. लगेच कादंबरी नको. चार पानांची गोष्ट संपवल्याचं समाधान रोज मिळतं, सव्वाशे पानांच्या कादंबरीचं महिनाभर मिळत नाही. छोटी प्रकरणं असलेली पुस्तकं त्यानंतर. 'किशोर' हे बालभारतीचं मासिक १९७१ पासून निघतं. गोष्ट, कविता, कोडं, माहिती असं सगळं त्यात असल्यामुळं एकाच अंकात सोपं-अवघड दोन्ही सापडतं. साधारण तिसरी-चौथीपासून ते घरात असावं. मूल सुरुवातीला फक्त कोडी वाचत असेल तर वाचू दे.

फोनवर बघणार असाल तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर मराठी गोष्टी फुकट आहेत, उतरवून छापूनही घेता येतात. तिथं चार पातळ्या आहेत: पहिली साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत, चौथी त्याहून मोठी. पण तिथल्या बऱ्याच मराठी गोष्टी अनुवादित आहेत. मूळ भाषेत पहिल्या पातळीचं असलेलं वाक्य मराठीत येताना जोडाक्षरं आणि लांब शब्द घेऊन येऊ शकतं. म्हणून पातळीचा आकडा बघून थांबू नका, मधलं एक पान उघडून वरच्या खुणा तपासा.

नेहमी कुठं चुकतं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बक्षीस म्हणून एक पायरी वरचं पुस्तक देणं. "एवढं छान वाचतोस, आता हे वाच" म्हणून जाड चरित्र हातात ठेवलं, की ते कपाटात जातं आणि मुलाच्या मनात राहतं की वाचनात आपण कमी आहोत. सोप्या पुस्तकानं नुकसान होत नाही. तेच पुस्तक मूल चौथ्यांदा वाचत असेल तरी वेग वाढतोय, शब्द पक्के होतायत. पोरकट पुस्तक म्हणून हातातून काढून घेऊ नका.

तिसरी-चौथीत असूनही पहिलीच्या पायरीवर वाचणाऱ्या मुलाचं मात्र वेगळं. त्याला ससा-कासवाचं पुस्तक दिलं तर वर्गातली मुलं हसतात आणि ते मूल पुस्तक उघडतच नाही. त्याला मजकूर सोपा पण विषय मोठ्यांचा लागतो: वाघ, वाहनं, अवकाश, कुस्ती, विनोद, चित्रकथा. चित्रकथेला नाक मुरडणारे पालक आहेत. पण संवाद छोटे, चित्राचा आधार मोठा आणि कुणी हसत नाही, या मुलासाठी यापेक्षा चांगली सोय नाही.

इंग्रजी माध्यमातल्या मुलाची मराठी पायरी वेगळी मोजा. इयत्ता पाचवी, इंग्रजी वाचन पाचवीचं आणि मराठी वाचन दुसरीचं, हे आता सातारा-सांगली शहरांत घरोघरी आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण पुस्तक दुसरीच्या पायरीचंच घ्यायचं. जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत. त्यांना अक्षर वाचता येतं, शब्दाचा अर्थ लागत नाही. त्यांच्यासाठी चित्र भरपूर, वाक्य छोटं, आणि वाचण्याआधी त्याच गोष्टीवर तोंडी गप्पा. गोष्ट आधी कानावर पडली की डोळ्याला सोपी जाते.

आणि मूल वाचायला लागलं म्हणून तुम्ही वाचून दाखवणं बंद करू नका. ऐकून जेवढं कळतं तेवढं वाचून कळायला मुलाला आणखी काही वर्षं लागतात. मोठे शब्द, लांब वाक्यं, जुनी गोष्ट, हे सगळं त्याला कानानं मिळू द्या. दिवसाला दोन पुस्तकं चालू असावीत: एक त्याचं, एक तुमचं वाचून दाखवायचं.

पुस्तकं कुठून आणायची

विकत घेण्याआधी उसनी आणा. साताऱ्यात आणि सांगलीत नगर वाचनालयं आहेत. मुलाच्या नावानं खातं काढा, पुस्तक मुलालाच निवडू दे आणि कपाटाशीच बोटांची युक्ती करू दे. एका वेळी तीन पुस्तकं मिळत असतील तर एक हलकं, एक बरोबरीचं आणि एक निव्वळ मुलाच्या हट्टाचं. हट्टाचं पुस्तक पातळीच्या बाहेरचं असलं तरी चालेल, चित्रं बघून परत करेल. शाळेतही पुस्तकं असतात, पण बऱ्याच ठिकाणी कपाटाला कुलूप असतं. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला ती बाहेर निघतात, तेव्हा कुठली कुठली आहेत ते बघून ठेवा आणि बाईंकडं पुढं वर्षभर मागत राहा.

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, बालसाहित्यही आहे, आणि बसून वाचायला पैसे लागत नाहीत. पातळी शोधण्यासाठी ही जागा फार सोयीची. एका दुपारी मूल वीस पुस्तकं उघडून टाकतं आणि कुठल्यावर रमतं ते तुम्हाला दिसतं. त्या तीन-चार पुस्तकांची नावं लिहून घ्या आणि खाली आल्यावर तीच वाचनालयात शोधा. पावसाळ्यात तिकडं धो धो असतो, सहल दिवाळीनंतर ठरवा.

एक वही ठेवा. पुस्तकाचं नाव, शंभरात किती चुका, कुठल्या अक्षरावर अडलं, पूर्ण केलं की सोडलं. सलग तीन पुस्तकांत पाचच्या आत चुका आल्या आणि मूल बोलल्यासारखं, पूर्णविरामाला थांबत वाचायला लागलं, तर पुढची पायरी. सलग दोन पुस्तकं अर्धवट सुटली तर एक पायरी खाली. चाचणी दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे, दर आठवड्याला नको.

सहा महिने रोज पंधरा-वीस मिनिटं बसूनही वहीत फरक दिसत नसेल तर आधी डोळे तपासा. पुस्तक नाकाशी धरणं, एक डोळा झाकून वाचणं, ओळ सतत चुकणं ही चष्म्याची लक्षणं असू शकतात. कानही तपासून घ्या, कारण 'ब' आणि 'भ'तला फरक ज्याला ऐकू येत नाही त्याला तो वाचताही येत नाही. दोन्ही ठीक असून तिसरीच्या पुढचं मूल तोंडी हुशार आहे आणि वाचताना साधे शब्दही रोज नव्यानं सोडवतंय, तर शाळेला कळवा आणि बालरोगतज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी कुठं होते ते विचारा. जाताना ती वही सोबत न्या. तपासणाऱ्याला तिचा उपयोग प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त होतो.